नाण्यांच्या दुकानात जाताय? घ्यायला असो की विकायला, हे आधी वाचा

दुकानात जायच्या आदल्या रात्रीच लोक सगळ्यात मोठी चूक करून बसतात, ती म्हणजे नाणी घासतात. आपल्याकडे तांब्या-पितळेचं काही काळं दिसलं की हात आपोआप चिंचेकडे जातो, देवाची भांडी लखलखीत झाली की बरं वाटतं, मग नाण्याचंही तसंच होईल असं वाटतं. तसं होत नाही. आमच्याकडे आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात ११ शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) होत्या, आत्याने दिवाळीच्या भांड्यांबरोबर त्याही चिंच-मीठ लावून घासल्या, अगदी प्रेमाने, आणि मी त्या घेऊन दुकानात गेलो तेव्हा दुकानदार काकांनी पहिली उचलली, उजेडात तिरकी धरली आणि एवढंच म्हणाले, "घासल्या का हो?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलं होतं त्यांना. तांब्यावर तो काळपट तपकिरी थर धरायला पिढ्या जातात, त्याला पॅटिना म्हणतात, तो थर म्हणजे घाण नाही, नाण्याचं कातडं आहे ते, आणि एकदा निघालं की परत येत नाही. चांदीच्या रुपयाचंही तेच, टूथपेस्ट नको, रांगोळी नको, लिंबू नको, सोनाराकडचं पॉलिश तर अजिबात नको. माती लागलेली असली तरी तशीच न्या, काय करायचं ते बघणारा सांगेल.

हे पहिलं सांगितलं कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही.

जायच्या आधी

फोन करा. नाण्यांची दुकानं म्हणजे किराणा मालाची दुकानं नव्हेत, बऱ्याच ठिकाणी एकच माणूस असतो, तोच माल बघतो, तोच गिऱ्हाईक बघतो, मधेच दुसऱ्या गावी प्रदर्शनाला गेलेला असतो. "काका, माझ्याकडे व्हिक्टोरिया ते पंचम जॉर्जपर्यंतची रुपयाची साधारण ४० नाणी आहेत, विकायचीत, कधी येऊ?" एवढं सांगितलं की समोरच्याला कळतं किती वेळ लागणार आहे. संध्याकाळी सात वाजता, दुकान भरलेलं असताना, पिशवी उलटी करून "हे सगळं बघा ना जरा" म्हणायचं नाही. दुपारची वेळ बरी, गर्दी नसते आणि दिवसाचा उजेडही असतो, तोही महत्त्वाचा आहे.

काय आहे आपल्याकडे याची यादी करा, अगदी वहीच्या पानावर केली तरी चालेल. धातू काय दिसतो, किती रुपये किंवा आणे, कोणाचं डोकं आहे, साल कुठलं. साल १९५० नंतरचं असेल तर सालाच्या खालीही बघा, तिथे चौकट म्हणजे डायमंडसारखी खूण असेल तर मुंबई टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, साधा ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालाच्या नाण्यात टांकसाळीप्रमाणे भावाचा फरक पडू शकतो म्हणून हे बघायचं. यादी घेऊन आलेल्या माणसाशी डीलर वेगळ्या पद्धतीने बोलतो हे मी खूपदा पाहिलंय, कारण निम्मं काम तुम्ही करून आणलेलं असतं आणि तुम्हाला त्या वस्तूची कदर आहे हेही दिसतं.

आणि घरून निघताना यूट्यूबचे भाव घरीच ठेवा. हे मी कळवळून सांगतोय. वैष्णोदेवीचं ५ आणि १० रुपयांचं नाणं २०१२ साली निघालं, ते भरपूर प्रमाणात निघालं, डीलरकडे किरकोळ भावात डबाभर पडलेलं असतं, आणि तरी दर आठवड्याला कोणीतरी ते एकच नाणं रुमालात बांधून लाखाच्या आशेने येतं. त्यात बऱ्याचदा खरंच गरज असलेली माणसं असतात, कोणाच्या मुलीचं लग्न असतं, कोणाचं ऑपरेशन असतं, आणि "नाही हो, याचे एवढे येत नाहीत" हे वाक्य दुकानदाराला बोलावं लागतं. मग काही जण त्यालाच लबाड ठरवून जातात. असे व्हिडिओवाले आणि फोनवाले आधी "रजिस्ट्रेशन फी", "कमिशन", "टॅक्स" असं काहीतरी भरायला सांगतात, रिझर्व्ह बँकेचं नावही वापरतात, बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये यावर जाहीर सूचना काढली होती की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि असं कमिशन मागत नाही. खरा घेणारा पैसे देतो, आधी मागत नाही.

तशीच दुसरी गोष्ट म्हणजे राम-सीता-लक्ष्मण-हनुमान असलेलं, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल लिहिलेलं तांब्याचं नाणं. ते नाणंच नाही. कंपनीने असलं काही पाडलेलं नाही, ते जत्रेत-देवळाबाहेर विकले जाणारे टोकन आहेत. देव्हाऱ्यात ठेवा, पूजा करा, पण दुकानात घेऊन "हे तांदूळ ओढतं का बघा" असं विचारू नका, त्या राईस पुलरच्या, म्हणजे तांदूळ ओढणाऱ्या जादूच्या नाण्याला करोडो मिळतात या थापेच्या, नादात लोकांची घरंदारं गेलीयेत, त्यामुळे तो शब्द काढला की चांगला डीलर बोलणंच थांबवतो.

दुकानात शिरल्यावर

ओळख करून द्या आणि कशासाठी आलात ते सरळ सांगा: विकायला, विकत घ्यायला, की नुसतं बघायला आणि शिकायला. तिन्ही चालतं. नुसतं बघायला आलो असं सांगायला लोक लाजतात आणि मग तासभर एकेक ट्रे काढायला लावून "बघतो, नंतर येतो" म्हणून जातात, त्यापेक्षा "काका मी नवीन आहे, आज फार घेणार नाही, मराठ्यांची नाणी कशी ओळखायची ते समजून घ्यायचंय" म्हटलं तर माणूस मोकळा असेल तर स्वतः खुर्ची पुढे करतो. आणि जाताना काहीतरी घ्या, अगदी पन्नास-शंभर रुपयांचा नया पैसा-दोन नये पैशांचा संच घेतला तरी चालेल, त्याच्या वेळेची ती जाण असते.

तुमच्याकडे स्वतःची नाणी असतील, तुलनेसाठी आणलेली किंवा दुसऱ्या दुकानातून घेतलेली, तर ती काहीही बघायच्या आधी काढून दाखवा, "ही दोन माझी आहेत" असं सांगा. नंतर खिशातून नाणं निघालं तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. बॅग खाली ठेवा, हात काउंटरच्या वर ठेवा, एका वेळी एकच ट्रे मागा, बघून झालं की ज्या खणातून काढलं त्याच खणात ठेवा. सरळ दिसणारी ही गोष्ट आहे पण सारख्या दिसणाऱ्या दोन रुपयांत भावाचा दसपट फरक असू शकतो, खण बदलला की दुकानदाराची दुपार वाया जाते.

नाणं धरायचं कडेने, अंगठा आणि पहिलं बोट, आणि खाली ट्रे किंवा मऊ कापड हवंच, पडलं तर फरशीवर पडायला नको. नाण्याच्या सपाट बाजूवर बोट ठेवायचं नाही. बोटाचा घाम न वापरलेल्या चांदीवर काही महिन्यांत ठसा होऊन दिसायला लागतो. पाकिटात असेल तर विचारल्याशिवाय बाहेर काढू नका. येताना वडापाव खाल्ला असेल तर हात धुवून या, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी समजावा, मुलांना आणा जरूर, माझी आवड अशीच लागली, फक्त काचेवर चढू देऊ नका.

जुन्या लोकांना रुपया वाजवून बघायची सवय असते. आमचे आजोबा दगडी उंबऱ्यावर टाकून आवाज ऐकायचे, खणखणीत नाणं हा शब्द तिथूनच तर आला, पण दुकानदाराच्या नाण्यावर हा प्रयोग करायचा नाही, कडेला जी खोच पडते ती कायमची. शंका असेल तर वजन करायला सांगा, प्रत्येकाकडे काटा असतो. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर जुना एक तोळा (आता सोनार तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा, तो वेगळा). झिजलेला असेल तर थोडा कमी भरेल, पण दीड-दोन ग्रॅम कमी भरला तर प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो विचारण्यात काही उद्धटपणा नाही. भिंग स्वतःचं न्या, दहापट मोठं दाखवणारं, ते बाहेर काढलं म्हणून कोणी रागावत नाही, उलट बरं वाटतं.

एखादं नाणं खोटं वाटलं तर? हळू आवाजात विचारा. "काका, याची अक्षरं मला जरा मऊ वाटतायत, ओतीव तर नाही ना?" असं. (ओतीव म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली नक्कल.) चार गिऱ्हाइकांसमोर "हे डुप्लिकेट आहे" म्हणून मोठ्याने बोलायचं नाही, तुम्ही चुकत असाल तर त्याची अब्रू जाते आणि बरोबर असाल तरी तो शांतपणे बाजूला काढून ठेवायची संधी त्याला मिळायला हवी. दुसऱ्याच्या सौद्यात तर तोंड घालूच नये. बाजूच्या माणसाला भाव जास्त लावला असं वाटलं तरी गप्प बसावं, त्याने स्वतःहून मत विचारलं तर गोष्ट वेगळी. फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि दुकानातल्या नाण्याचे भाव फोनवर शोधत त्याच्या तोंडासमोर स्क्रीन धरू नका, ऑनलाइन लोक जो भाव *मागतात* तो आणि जो खरंच *मिळतो* तो, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

घेताना

शिवराईपासून सुरुवात करणारे आपल्याकडे सगळ्यात जास्त, आणि ते साहजिकच आहे. एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ, तळहातावर ठेवलं की अंगावर काटा येतो. पण एक समजून घ्या. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेली ही शिवराई महाराजांच्या नंतरही पाडली जात राहिली, पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत, दोन दांड्यांची खूण असलेली दुदांडी शिवराई ही त्यातलीच नंतरची. त्यामुळे बाजारात मिळणारी बहुतेक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. दुकानदाराने तसं सांगितलं तर तो तुमचा उत्साह मोडत नाहीये, प्रामाणिकपणे वागतोय, त्याच्याकडेच परत जा. आणि कोणी सोन्याचा शिवकालीन होन "तुमच्यासाठी म्हणून स्वस्तात" दाखवत असेल तर हात जोडून बाहेर या, खरे होन इतके दुर्मिळ आहेत की ते असे खिशातून निघत नाहीत.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेताना हेच दहापट लागू. तिथे फिरायला मजा येते, मीही जातो, पण तिथे बिल नाही, परत घेणं नाही, जे घेतलं ते तुमचं. दुकानात मात्र घेण्याआधीच विचारून ठेवा: "पुढे खोटं निघालं तर परत घ्याल ना?" आणि बिलावर नुसतं "जुनं नाणं १ नग" नको, राजा, साल, धातू, टांकसाळ असं लिहून घ्या. चांगला डीलर आनंदाने लिहून देतो.

भाव करायचा का? करायचा, पण रीत असते. सकाळी भवानी व्हायच्या आधी तासभर घासाघीस करून न घेता निघून जाणं कुठल्याच पेठेत चांगलं समजत नाहीत. जे नाणं घ्यायचंच नाही त्याचा भाव करू नका. बजेट सांगून टाका, "काका, तीन हजारांपर्यंत झेपेल, यात चांगल्यात चांगला पंचम जॉर्ज कुठला?", यात लाजण्यासारखं काही नाही. दोन-चार नाणी एकत्र घेत असाल तर थोडं कमी करा म्हणायला हरकत नाही. "पन्नास टक्के कमी करा" हे भाजीला चालत नाही तर इथे कसं चालेल. आणि एकदा "ठीक आहे, दिलं" असा शब्द झाला की मग फिरायचं नाही. नाणं ठेवून द्यायला सांगितलं असेल तर सांगितलेल्या दिवशी जा, जमत नसेल तर फोन करून सोडून द्या, नाहीतर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत बसतो.

विकताना

हे जास्त नाजूक आहे, कारण विकायला येणारा माणूस बहुधा वडिलांचा किंवा आजोबांचा संग्रह घेऊन आलेला असतो, मन भरलेलं असतं, आणि समोरच्याने सांगितलेला आकडा नुसता आकडा राहत नाही. म्हणून घरीच थोडं गणित करून जा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात फक्त निम्मी, ५.८ ग्रॅमच्या आसपास. १९४७ चा रुपया चांदीचा नाहीच, निकेलचा आहे, लोहचुंबकाला चिकटतो. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा, म्हणजे याच्या खाली जायचं नाही अशी एक रेघ तुमच्या मनात तयार होते. सराफाकडे नेलंत तर तो वजन करून घट धरून चांदीचाच भाव देणार, त्याला साल-बिल काही नाही, म्हणून आधी नाणी जाणणाऱ्याला दाखवा, मग सराफ. एखादा १९३९ चा रुपया किंवा १९११ चा तो पिग रुपया, ज्यात राजाच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि गोंधळ झाला, असा चुकून मोडीत गेला तर फार वाईट वाटतं.

डीलर कॅटलॉगच्या, म्हणजे नाण्यांच्या छापील यादीतल्या, भावाला घेणार नाही, हे आधीच मनाशी धरा. त्याला ते नाणं कदाचित दोन वर्षं सांभाळायचंय, दुकानाचं भाडं आहे, गिऱ्हाईक शोधायचंय. त्याला विचारा, "हा भाव कसा काढलात?" आणि तो सांगत असेल तर ऐका. मी एकदा एका दुकानात पाहिलं, दुकानदाराने ६० नाण्यांपैकी ५ बाजूला काढली आणि त्या बाईंना म्हणाला, ताई ही विकू नका आत्ता, ही ठेवा. उलटा अनुभवही मला आलाय, एका ठिकाणी सगळी चांदीच्या भावात मागितली, एकही भिंगाखाली न धरता. न बघता भाव सांगणाऱ्याला नाणी देऊ नका एवढं मी त्यातून शिकलो.

दोन ठिकाणी विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण तसं सांगा: "मी अजून एका ठिकाणी दाखवणार आहे." पहिल्याचा आकडा दुसऱ्याला सांगून पाच-पाच रुपये वाढवत दिवसभर फेऱ्या मारणं बरं नव्हे, ही मंडळी एकमेकांना ओळखतात. नुसती किंमत काढून हवी असेल, वाटणीसाठी वगैरे, तर आधीच सांगा आणि फी विचारा, तासभराच्या ज्ञानाचे पैसे द्यायला काहीच हरकत नाही. वाटणीवरून आठवलं, भावा-बहिणींशी बोलून मगच विकायला जा. विकून झाल्यावर दुसरा वारस दुकानात येऊन उभा राहतो तेव्हा दुकानदाराचा काही दोष नसताना त्याच्यावर सगळं येतं.

ओळखपत्राची झेरॉक्स मागितली तर राग मानू नका, चोरीच्या मालापासून तो स्वतःला वाचवतोय. दोन लाख किंवा जास्तीचा व्यवहार रोखीत मागू नका, कायद्याने तेवढी रोकड घेता येत नाही. आणि नाणी कुठून आली ते खरं सांगा. घराचा पाया खणताना किंवा शेतात नांगरताना हंडा निघाला असेल तर तो थेट दुकानात नेता येत नाही, १८७८ चा निधीचा कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. "शेतात सापडली" म्हटल्यावर डीलरने हात मागे घेतला तर तो बरोबर वागतोय. परदेशात असलेल्या आपल्या मुला-मुलींसाठी एक: शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आजोबांची आठवण म्हणूनसुद्धा नाही. ती आठवण इथल्याच घरी कोणाकडे तरी राहू द्या.

नवीन असाल तर खरेदीच्या आधी चार खरी नाणी डोळे भरून बघा. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथेही संग्रहालय आहे. एक दिवस तिथे काढलात की दुकानात काय विचारायचं ते आपोआप सुचतं, आणि तुमच्या प्रश्नांवरूनच काका मागच्या कपाटातला ट्रे काढतात.

घरी आणल्यावर नाणं स्वस्तातल्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये घालू नका, त्या पीव्हीसीने काही वर्षांत हिरवा चिकट थर धरतो, डीलरकडूनच साधे कागदी होल्डर घ्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, कोकणात आणि मुंबईत तर पावसाळ्यात दोनदा बदला. आणि प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा, कुठून घेतलं, कधी, कितीला, विकणाऱ्याने त्याच्याबद्दल काय सांगितलं. आमच्या आजोबांच्या डब्यात अशी एकही चिठ्ठी नव्हती, त्या ११ शिवराया त्यांच्याकडे कुठून आल्या हे आता घरात कोणालाच सांगता येत नाही.